वर कोण, खाली कोण? अर्धवट माहितीच्या गाठींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाठींच्या गणिताची कुठलीही ओळख एका अटीने सुरू होते. चित्रात दोन धागे जिथे एकमेकांना ओलांडतात (त्या जागेला ‘क्रॉसिंग’ म्हणतात), तिथे वरून कोण जातो आणि खालून कोण, हे स्पष्ट दिसलं पाहिजे. खालचा धागा किंचित तोडून काढायचा, म्हणजे शंका उरत नाही. ही अट पाळली गेली नाही तर काय होतं, त्याबद्दल हे पान आहे. या विषयातले बरेच शब्द मराठीत अजून रुळलेले नाहीत. त्यामुळे काही मी घडवून घेतले आहेत आणि जिथे ते पहिल्यांदा येतात तिथेच त्यांचा अर्थ दिला आहे.

गणितातली गाठ आणि दोरीची गाठ एकच का?

जवळजवळ. फरक इतकाच की गणितातल्या दोरीला मोकळी टोकं नसतात. दोरीला गाठ मारा, मग दोन्ही टोकं जोडून टाका, झाली गणितातली गाठ. आता दोरी न कापता, स्वतःतून आरपार न नेता, हवी तशी ओढा-वळवा. असं करून एका गाठीची दुसरी करता आली तर त्या दोन्ही एकच. ज्या दोरीचं शेवटी सरळ वर्तुळ होतं, तिला मी ‘साधं वेटोळं’ म्हणतो. साध्या वेटोळ्यानंतरची सर्वांत सोपी गाठ तीन क्रॉसिंगची. तिचं चित्र तीन पाकळ्यांसारखं दिसतं म्हणून ती ‘त्रिदल’. त्रिदल डावं आणि उजवं अशा दोन प्रकारचं असतं आणि एकाचं दुसरं करता येत नाही. त्याच्या पुढची, चार क्रॉसिंगची, ‘आठगाठ’. ही मात्र आपल्या आरशातल्या प्रतिमेसारखीच असते.

‘अर्धवट माहितीचं चित्र’ नेमकं कशाला म्हणायचं?

कागदावर एक बंद वक्र काढा, पेन न उचलता, स्वतःला हवा तितक्या वेळा छेदणारा. फक्त तीन धागे एकाच बिंदूत भेटू देऊ नका आणि दोन धागे नुसते घासून जाऊ देऊ नका. वर-खालीची कुठलीच माहिती नसलेलं हे चित्र म्हणजे गाठीची ‘सावली’. दिव्यासमोर गाठ धरली तर भिंतीवर हेच दिसेल.

सावलीतल्या काही क्रॉसिंगवर वर-खाली ठरवून टाका, बाकीची तशीच सोडा. जी ठरलेली नाहीत ती ‘अनिर्णित क्रॉसिंग’. अशा मिश्र चित्राचा पद्धतशीर अभ्यास जपानी गणिती रियो हानाकी यांनी सुरू केला. त्यांचा त्यावरचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका टोकाला पूर्ण सावली, दुसऱ्या टोकाला नेहमीचं पूर्ण चित्र, आणि मधला सगळा प्रदेश या विषयाचा.

पण वर-खाली माहीत नसेल तर गाठ कोणती तेच कळणार नाही. मग अभ्यास कशाचा करायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो रास्त आहे. उत्तर असं की ‘ही गाठ कोणती?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवायचा आणि त्याजागी विचारायचं: आत्ता जेवढं माहीत आहे तेवढ्यावरून काय ठामपणे सांगता येईल? अजून किती कळलं म्हणजे निकाल लागेल?

कधी कधी निकाल आधीच लागलेला असतो. समजा दहा क्रॉसिंगपैकी सहा माहीत आहेत आणि उरलेली चार कशीही असली तरी दोरी सुटतेच. मग ती चार शोधत बसण्याची गरज नाही. उलटही होतं: एक-दोन क्रॉसिंग धूसर आहेत, पण ती कशीही असली तरी गाठ आहेच. माहिती अपुरी असूनही ठाम विधान करता येणं, आणि ते कधी करता येतं हे नेमकं मोजता येणं, हीच मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

हे प्रश्न आले कुठून? कुणाला गरज पडली?

डीएनएमुळे. पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा अतिशय कमी जागेत कोंबलेला असतो. काही विषाणूंमध्ये आणि जिवाणूंमध्ये तो वर्तुळाकारही असतो, त्यामुळे त्यात खऱ्याखुऱ्या गाठी पडतात. टोपोआयसोमरेझ नावाची विकरं या गाठी सोडवतात. त्यांचा दुसरा प्रकार धाग्याचे दोन्ही पदर कापतो, दुसरा भाग त्या फटीतून पार नेतो आणि कापलेलं पुन्हा जोडतो. गणिताच्या भाषेत हे एका क्रॉसिंगचं वर-खाली उलटवणं झालं.

आता ही गाठ पाहायची कशी? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डीएनए सपाट पसरतात. धागा इतका बारीक की क्रॉसिंग दिसतं, पण वर कोण हे पुष्कळदा दिसत नाही. हातात येते ती सावली, किंवा सावलीपेक्षा थोडंसं जास्त. १९८३ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या एका कामात यावर मार्ग काढला होता. डीएनएवर रेकए या प्रथिनाचा थर चढवला, धागा जाड झाला आणि वरचा-खालचा फरक छायाचित्रात दिसू लागला. डीएनएच्या गाठी डाव्या की उजव्या हे त्यामुळे थेट पाहता आलं. तरीही प्रत्येक छायाचित्रात प्रत्येक क्रॉसिंग स्वच्छ मिळेलच असं नाही, आणि हानाकी यांनी आपल्या निबंधामागची प्रेरणा म्हणून हीच अडचण सांगितली आहे.

सावलीपासून सुरुवात करण्याची कल्पना मात्र बरीच जुनी. एकोणिसाव्या शतकात पीटर गथ्री टेट यांनी गाठींच्या याद्या केल्या, त्यासुद्धा आधी वक्र मोजून आणि मग क्रॉसिंगना एकाआड एक वर-खाली लावून.

एका सावलीतून किती गाठी निघू शकतात?

क्रॉसिंग n असतील तर निर्णय २ⁿ प्रकारे घेता येतात. पण त्यातून वेगवेगळ्या गाठी खूपच कमी निघतात.

त्रिदलाची सावली घ्या. तीन क्रॉसिंग, आठ शक्यता. वक्रावर एक दिशा ठरवली की प्रत्येक क्रॉसिंगला धन किंवा ऋण खूण देता येते. तिन्ही खुणा सारख्या आल्या तरच त्रिदल मिळतं: एकदा डावं, एकदा उजवं. उरलेल्या सहाही वेळा दोरी सुटून साधं वेटोळं होतं. म्हणजे डोळे मिटून निर्णय घेतले तर गाठ पडण्याची शक्यता फक्त एक चतुर्थांश.

आठगाठीची सावली जास्त मजेची आहे. तिच्यात चार क्रॉसिंग दोन जोड्यांत येतात. प्रत्येक जोडी म्हणजे दोरीचे दोन भाग एकमेकांत अडकवल्यासारखे. जोडीतल्या दोन क्रॉसिंगचे निर्णय चार प्रकारे घेता येतात. त्यातल्या दोन वेळा अडकवण घट्ट बसते, दोन वेळा ती अलगद सुटते. एक जरी अडकवण सुटली की सगळी दोरी सुटते. म्हणून गाठ उरायला दोन्ही जोड्या घट्ट हव्यात, आणि तसं सोळापैकी चारच वेळा होतं. त्या चारांपैकी दोनदा आठगाठ मिळते, एकदा डावं त्रिदल आणि एकदा उजवं. बाकी बारा वेळा साधं वेटोळं. इथेही साध्या वेटोळ्याचा वाटा तीन चतुर्थांशच, पण आत कारण अगदी वेगळं.

पाच क्रॉसिंगचा तारा, म्हणजे पेन न उचलता काढतो ती पाच टोकांची चांदणी, किंचित गोलाई देऊन. तिच्या ३२ शक्यतांपैकी २० साधी वेटोळी, १० त्रिदलं (पाच डावी, पाच उजवी) आणि फक्त २ वेळा खरी पाच क्रॉसिंगची गाठ. पडताळायला सोपं आहे: धन खुणांना +१ आणि ऋण खुणांना −१ धरून बेरीज करा. ±१ आली तर सुटली, ±३ आली तर त्रिदल, ±५ आली तर पाचाची गाठ.

या वाट्यांची यादी, म्हणजे कोणती गाठ किती अपूर्णांकाने मिळते ती, अर्धवट चित्राची ओळखखूण म्हणून वापरतात. संख्यांऐवजी अपूर्णांक का, ते खाली चालींच्या प्रश्नात येईल.

कोणत्याही सावलीतून साधं वेटोळं काढता येतंच का?

हो, नेहमी. सावली कितीही गुंतागुंतीची असू दे.

वक्रावर कुठेही एक बिंदू निवडा आणि तिथून चालायला लागा. प्रत्येक क्रॉसिंगवर तुम्ही दोनदा येता. पहिल्यांदा आलात की तुमचा धागा वर ठेवा. दुसऱ्यांदा याल तेव्हा तो आपोआप खाली जाईल. सगळा फेरा संपला की झालेली दोरी म्हणजे वरून खाली सतत उतरत आलेला एक जिना, आणि शेवटून सुरुवातीपर्यंत सरळ वर चढणारा एक दोर. असा जिना बाजूने पाहिला तर त्यात काहीच अडकलेलं नसतं.

उलट, कोणत्याही सावलीतून खरी गाठ काढता येते का?

नाही, प्रत्येक सावलीतून नाही. नुसता इंग्रजी आठचा आकडा काढला, एकच क्रॉसिंग, तर काहीही करा, पिळा उलगडला की संपलं. अशा क्रॉसिंगना, ज्यांच्या ठिकाणी कात्री लावली तर चित्राचे दोन सुटे तुकडे पडतात, निरुपयोगी क्रॉसिंग म्हणू.

पण एकही निरुपयोगी क्रॉसिंग नसेल आणि निदान एक तरी क्रॉसिंग असेल, तर गाठ हमखास काढता येते. एकाआड एक वर-खाली, वर-खाली असं जात राहा. १९८७ मध्ये कॉफमन, मुरासुगी आणि थिसलथ्वेट यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं की अशा चित्रातली गाठ त्याहून कमी क्रॉसिंगमध्ये काढताच येत नाही. टेट यांचा हा शंभर वर्षं जुना अंदाज होता. आणि १९८९ मध्ये कोउकी तानियामा यांनी दाखवलं की ज्या सावलीतून कुठलीही खरी गाठ निघते, त्या सावलीतून त्रिदलही निघतंच. वर आठगाठीच्या सावलीत त्रिदल अचानक आलं, ते योगायोगाने आलं नव्हतं.

सुटण्याची खात्री द्यायला किमान किती क्रॉसिंग ठरवावी लागतात?

या किमान संख्येला मी ‘सुटका-अंक’ म्हणतो. अट अशी: तितकी क्रॉसिंग हुशारीने ठरवली की उरलेली सगळी अनिर्णित क्रॉसिंग कशीही निघाली तरी साधं वेटोळंच मिळालं पाहिजे.

त्रिदलाच्या सावलीचा सुटका-अंक २: दोन क्रॉसिंगना विरुद्ध खुणा द्या, तिसरं कसंही असू दे. आठगाठीचाही २: एक जोडी सोडवून टाका, दुसरीकडे बघायचंच नाही. चांदणीचा ४. तुमच्या लक्षात आलं असेल की सगळ्या संख्या सम आहेत. हानाकी यांचा सिद्धांत सांगतो की कोणत्याही गाठीच्या सावलीचा सुटका-अंक समच असतो. हे असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी थोडा वेळ द्या.

आधी गाउस यांची एक युक्ती. वक्रावरून एक फेरा मारा आणि प्रत्येक क्रॉसिंगचं नाव येईल तसं लिहीत जा. प्रत्येक नाव दोनदा येईल. ही नावं एका वर्तुळाच्या परिघावर क्रमाने मांडा आणि सारखी नावं सरळ रेषेने जोडा. प्रत्येक क्रॉसिंगसाठी एक जीवा मिळाली. त्रिदलाच्या तिन्ही जीवा एकमेकींना छेदतात. आठगाठीचा क्रम १ २ ३ १ ४ ३ २ ४ असा येतो. तिथे १ आणि ४ एकमेकींना छेदत नाहीत, २ आणि ३ ही नाहीत, बाकी छेदतात.

आता मुख्य गोष्ट: जी क्रॉसिंग अनिर्णित ठेवायची त्यांच्या जीवा आपापसात छेदत नसतील, तर आणि तरच सुटण्याची खात्री देता येते.

छेदत नसतील तर काम सोपं आहे. सगळ्यात आतली जीवा धरा, म्हणजे जिच्या एका बाजूला दुसऱ्या कुठल्याही अनिर्णित जीवेचं टोक नाही अशी. तिच्या क्रॉसिंगपासून निघून तिथेच परत येणारा दोरीचा फास सगळ्यांच्या वर उचला आणि त्याच्या आत वरच्या जिन्यासारखे निर्णय घ्या. तो फास आक्रसत जाऊन त्या अनिर्णित क्रॉसिंगपाशी एक छोटा पिळा उरतो, आणि पिळा कोणत्याही बाजूचा असो, उलगडतोच. मग पुढची जीवा घ्या. छेदत असतील तर मात्र अडचण येते. त्या दोन क्रॉसिंगच्या चार शक्यता घ्या आणि प्रत्येकीसाठी कॉनवे बहुपदीतल्या (चित्रावरून काढायची, पण गाठ तीच असेपर्यंत न बदलणारी बैजिक राशी) वर्गपदाचा सहगुणक काढा. योग्य चिन्हांनी बेरीज-वजाबाकी केली की उत्तर +१ किंवा −१ येतं. साध्या वेटोळ्यासाठी हा सहगुणक शून्य असतो. म्हणजे चारही शक्यता साधी वेटोळी असूच शकत नाहीत.

आता समतेकडे. एकमेकींना न छेदणाऱ्या जीवांचा शक्य तितका मोठा संच निवडा. समजा त्यात m जीवा आहेत. त्या m क्रॉसिंगवर वक्र कापून, दिशा पाळत, पुन्हा जोडा, म्हणजे एकमेकांना ओलांडायच्या ऐवजी धागे वळून परततील. वक्राचे m + १ बंद वक्र होतात. उरलेलं प्रत्येक क्रॉसिंग निवडलेल्या कुठल्यातरी जीवेला छेदतं, कारण तसं नसतं तर आपण त्यालाही संचात घेतलं असतं. म्हणून ते क्रॉसिंग दोन वेगवेगळ्या वक्रांमधलं आहे. आणि प्रतलात दोन वेगवेगळे बंद वक्र एकमेकांना सम वेळाच छेदतात: आत गेलात की बाहेर यावंच लागतं. झालं. उरलेली क्रॉसिंग सम, तीच ठरवावी लागणारी क्रॉसिंग, म्हणून सुटका-अंक सम.

मी हा युक्तिवाद पहिल्यांदा कागदावर पूर्ण लिहिला तेव्हा चार-पाच सावल्या काढून, जीवा मोजून पुन्हा पुन्हा पाहिल्या. तुम्हीही तसं करा. वाचून जे पटतं ते हाताने मोजल्यावर पक्कं होतं.

याचा गाठ सोडवण्याशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. ‘उकल-अंक’ म्हणजे गाठ सोडवायला किमान किती वेळा दोरी स्वतःतून पार न्यावी लागते ती संख्या. टोपोआयसोमरेझला किमान किती वेळा काम करावं लागेल, असंही म्हणता येईल. कोणत्याही चित्रासाठी उकल-अंक सुटका-अंकाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसतो.

कारण छोटंसं आहे. सुटका-अंक २k असेल तर २k क्रॉसिंगचा असा एक निर्णय आहे की ज्याने सगळं सुटतं. ते सगळे निर्णय उलटे केले, म्हणजे आरसा लावला, तरी सुटतंच. तुमची गाठ या दोन निर्णयांपैकी एकाशी तरी k किंवा कमी ठिकाणी वेगळी असणार. तेवढी क्रॉसिंग उलटवा, गाठ सुटली.

उकल-अंक स्वतः फार चिवट आहे. दोन गाठी एकामागे एक जोडल्या की त्यांचे उकल-अंक बेरजेत यावेत, असं अनेक दशकं वाटत होतं. २०२५ मध्ये मार्क ब्रिटनहॅम आणि सुझन हर्मिलर यांनी ते खोटं ठरवलं: सात क्रॉसिंगच्या एका गाठीला, जिचा उकल-अंक ३ आहे, तिचीच आरशातली प्रतिमा जोडली तर सहाऐवजी पाच वेळातच काम होतं.

आणि गाठ असल्याची खात्री द्यायला?

तो ‘बांधणी-अंक’. त्रिदलाच्या सावलीत तिन्ही क्रॉसिंग ठरवावी लागतात, आठगाठीत चारही. पण चांदणीत चार क्रॉसिंगना सारखी खूण दिली की पाचवं कसंही असो, बेरीज ३ किंवा ५ येते आणि गाठ पक्की. छायाचित्रातलं ते एक धूसर राहिलं तरी चालेल. बांधणी-अंक जीवांवरून इतक्या सहज वाचता येत नाही. गाठ नाही हे दाखवण्यापेक्षा गाठ आहे हे दाखवणं बहुतेक वेळा अवघडच जातं.

अनिर्णित क्रॉसिंग असलेलं चित्र हलवता येतं का?

येतं, पण जपून. १९२७ मध्ये कुर्त रायडेमाइस्टर यांनी दाखवलं की नेहमीच्या चित्रांसाठी तीन चाली पुरेशा आहेत: पिळा घालणं-काढणं, एक धागा दुसऱ्यावरून सरकवून दोन क्रॉसिंग तयार करणं-मिटवणं, आणि एका क्रॉसिंगच्या वरून किंवा खालून तिसरा धागा पलीकडे नेणं.

अनिर्णित क्रॉसिंगसाठी नियम एकच लक्षात ठेवा: चाल तेव्हाच चालेल जेव्हा ती प्रत्येक संभाव्य निर्णयासाठी खरी असेल. अनिर्णित क्रॉसिंगचा पिळा काढता येतो, कारण डावा असो की उजवा, तो उलगडतोच. अनिर्णित क्रॉसिंगच्या वरून किंवा खालून धागा सरकवता येतो. शेजारी-शेजारी एक ठरलेलं आणि एक अनिर्णित क्रॉसिंग असेल तर त्यांच्या जागा बदलता येतात. पण शेजारी-शेजारी दोन अनिर्णित क्रॉसिंग असतील तर ती मिटवता येत नाहीत, कारण चारपैकी दोन शक्यतांमध्ये तिथे घट्ट अडकवण आहे. सुरुवातीला सगळेच इथे चुकतात.

या चालींनी एकमेकांत बदलणाऱ्या चित्रांना एकच मानलं की जे मिळतं, त्याचं रूढ नाव आहे ‘स्यूडोनॉट’. अ‍ॅलिसन हेनरिक, स्लाविक याब्लान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्यांचा सिद्धांत मांडला. पिळा काढला की एक अनिर्णित क्रॉसिंग कमी होतं आणि शक्यतांची संख्या निम्मी होते, पण प्रत्येक गाठीचा वाटा तोच राहतो. अपूर्णांक वापरायचे ते यासाठी.

आरएनएमध्येही ‘स्यूडोनॉट’ असतो ना? तोच का हा?

नाही. आरएनएमधला स्यूडोनॉट म्हणजे धाग्याच्या एका वळणातले घटक त्या वळणाबाहेरच्या घटकांशी जुळून तयार होणारी घडी. त्याची टोकं मोकळी असतात आणि वर-खाली माहीत नसण्याशी त्याचा संबंध नाही. नाव तेवढं सारखं.

मग रशियन गणिती व्हॅसिलिएव्ह यांच्या ‘सिंग्युलर’ गाठी? त्यांतही क्रॉसिंगवर नुसता ठिपका असतो.

चित्र सारखं दिसतं, अर्थ वेगळा. सिंग्युलर गाठीत दोरी खरोखर स्वतःला चिकटलेली असते, जणू त्या ठिकाणी डिंक लावला आहे. तिथला पिळा काढता येत नाही, कारण चिकटलेली जागा नाहीशी कशी होणार? अनिर्णित क्रॉसिंगवर मात्र दोरी एकतर वर आहे किंवा खाली, फक्त आपल्याला ते माहीत नाही. एका चालीचाच हा फरक, पण त्यामुळे दोन्ही विषय वेगळ्या वाटांनी जातात. गंमत अशी की सुटका-अंकाचा वरचा पुरावा व्हॅसिलिएव्ह यांच्याच पद्धतीवर उभा आहे: शक्यतांची बेरीज-वजाबाकी करणं ही त्यांची मूळ कल्पना.

आभासी गाठी म्हणजे काय?

लुई कॉफमन यांच्या आभासी गाठीत काही क्रॉसिंगभोवती छोटं वर्तुळ असतं. तिथे माहिती अपुरी नसते, तिथे क्रॉसिंगच नसतं. गाउस यांच्या पद्धतीने नावांचा कुठलाही क्रम लिहिला तर तो सपाट कागदावर बसेलच असं नाही. बसवण्यासाठी धागे जिथे नाइलाजाने एकमेकांवरून न्यावे लागतात ती आभासी क्रॉसिंग. कडं किंवा आणखी भोकं असलेल्या पृष्ठभागावर वक्र काढला की ती लागत नाहीत.

यावर खेळ आहे असं ऐकलं. कसा खेळायचा?

सावली काढा. एक खेळाडू ‘बांधणारा’, दुसरा ‘सोडवणारा’. आळीपाळीने एकेक अनिर्णित क्रॉसिंग घ्यायचं आणि वर-खाली ठरवायचं. सगळं ठरलं की गाठ असेल तर बांधणारा जिंकला, नाहीतर सोडवणारा. हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या खेळाचं विश्लेषण प्रसिद्ध केलं.

त्रिदलाच्या सावलीवर सोडवणारा नेहमी जिंकतो, पहिली चाल कुणाचीही असो. चांदणीवरही तोच, फक्त बेरीज शून्याजवळ ठेवत राहायचं. आठगाठीच्या सावलीवर मात्र दुसरी चाल ज्याची, तो जिंकतो. समोरच्याने ज्या जोडीतलं क्रॉसिंग घेतलं त्याच जोडीतलं दुसरं तुम्ही घ्या. तुम्ही सोडवणारे असाल तर ती जोडी सोडवा, बांधणारे असाल तर दोन्ही वेळा घट्ट करा. खरी चुरस सहा-सात क्रॉसिंगनंतर सुरू होते. पेन्सिलीने खेळा आणि शेवटी शंका आली तर दोरीने तीच रचना करून ओढून पाहा.

यादृच्छिकपणे निर्णय घेतले तर मोठ्या सावल्यांत काय होतं?

लहान सावल्यांत साधं वेटोळं वरचढ असतं, हे वर दिसलं. क्रॉसिंगची संख्या वाढत गेली की चित्र पालटतं. यादृच्छिक चित्रात गाठ नसण्याची शक्यता क्रॉसिंग वाढतील तशी शून्याकडे जाते, हे हॅरिसन चॅपमन यांनी सिद्ध केलं. लांब वायर खिशात ठेवल्यावर गुंतते, तसंच काहीसं.

संगणकाला हे कितपत जमतं?

सुटका-अंक छान जमतो. जीवांचा प्रश्न म्हणजे वर्तुळातल्या एकमेकींना न छेदणाऱ्या जीवांचा सर्वांत मोठा संच शोधणं. त्यासाठी जलद पद्धत १९७३ पासून माहीत आहे, त्यामुळे शेकडो क्रॉसिंगच्या सावलीलाही अडचण नाही. अंतिम उत्तर शोधणं मात्र कठीण: पूर्ण माहिती असलेलं चित्र साधं वेटोळं आहे का, हे ठरवायची पद्धत वोल्फगांग हाकेन यांनी १९६१ मध्ये दिली, पण तिच्या अगदी जलद, बहुपदी वेळेतल्या रूपाचा शोध अजून चालू आहे. विचार करा: कमी माहितीचा प्रश्न सोपा, पूर्ण माहितीचा अवघड. असं गणितात क्वचितच दिसतं.

सुरुवात करायची तर पहिला सराव कोणता?

सहा क्रॉसिंगची, निरुपयोगी क्रॉसिंग नसलेली एक सावली काढा. फेरा मारून नावांचा क्रम लिहा. कुठल्याही नावाच्या दोन आढळांमध्ये सम नावं आली पाहिजेत, तसं नसेल तर लिहिताना चूक झाली आहे, हा गाउस यांचाच पडताळा. जीवा काढा, न छेदणाऱ्या जास्तीत जास्त किती निवडता येतात ते पाहा, सहामधून वजा करा. उत्तर सम आलं नाही तर तिथेच थांबून पुन्हा मोजा. आणि मग ती क्रॉसिंग वरच्या फासाच्या रीतीने प्रत्यक्ष ठरवून, उरलेली नाणं उडवून ठरवून, दोरीवर करून बघा. दरवेळी ती सुटायला हवी.